मेंढरांसाठी थांबणारा रस्ता

आमच्या गावात रस्ता ओलांडायचा म्हटलं की लोक घड्याळ बघत नाहीत, मेंढरं बघतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे बापडा. त्याला एकदा आमच्या फाट्यावर उभं करावं आणि म्हणावं, जा आता पलीकडं आणि चहा पिऊन ये. सकाळी उभा केलेला माणूस दुपारी तिथंच सापडेल.

कर्नाटकात, हुमनाबादच्या थोडं अलीकडं, पुणे-हैदराबाद रस्त्याला लागून आमचं गाव. रस्ता अरुंद होता तोवर गाव एक होतं. मग रस्ता रुंद झाला, मधे डिव्हायडर आला आणि गावाची दोन गावं झाली. आमची गल्ली, पाण्याची टाकी आणि मेंढरंवाल्या अण्णाचं घर अलीकडं राहिलं. शाळा, गिरणी, बसथांबा आणि आमचं विहार पलीकडं गेलं. डिव्हायडर एका जागी फुटलेला आहे. तो कुणी फोडला हे गावात कुणालाच ठाऊक नाही. पहार मात्र बरेच दिवस सरपंचाच्या गोठ्यात पडून होती.

त्या फटीतून पलीकडं जाता येतं, म्हणजे वाहनांनी जाऊ दिलं तर. ती जाऊ देत नाहीत. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून या गोष्टीचा पुष्कळ विचार केलाय, कारण तिथं उभं राहिल्यावर दुसरं करण्यासारखं काही नसतं. ड्रायव्हर काही वाईट माणूस नसतो. त्याला फक्त पक्कं ठाऊक असतं की हॉर्न वाजवला की माणूस मागं सरतो. माणसाला अक्कल असते, आणि तिच्याच भरवशावर हा बाबा पाय न उचलता येतो. मेंढराचं तसं नाही. पुढचं मेंढरू निघालं की मागची सगळी निघणार, मग तुम्ही हॉर्न वाजवा नाहीतर तोफ डागा. शिवाय एखादं चाकाखाली आलं तर अण्णाची काठी, अण्णाची बायको आणि त्यांच्या पाठोपाठ सगळं गाव लॉरीभोवती गोळा होतं. म्हणून मेंढरं दिसली की लांबूनच ब्रेक लागतो.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं माझ्या मावशीच्या. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोघी एकाच गावात, एकाच गल्लीत दिलेल्या. एके सकाळी ती दळणाचा डबा डोक्यावर घेऊन ताटकळत उभी होती, तेवढ्यात अण्णा मेंढरं चारायला घेऊन निघाला. मावशी कळपात शिरली आणि पलीकडं निघाली. दळण घेऊन संध्याकाळी तशीच परत आली आणि सगळ्या गल्लीला सांगत सुटली. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर चौघी-पाच जणी होत्या आणि पुढच्या बाजारापर्यंत अख्खं अलीकडचं गाव.

अण्णा हा हटकर धनगरांचा, गावात मेंढरं राखणारा शेवटचा माणूस. त्याची पोरं हुमनाबादेत कारखान्यात कामाला, आणि येता-जाता त्याच्यामागं कटकट करायची की मेंढरं विकून टाका आणि घरी बसा. आता शाळेची लेकरं, गिरणीची गिऱ्हाइकं, बस धरायला निघालेली माणसं सगळी सकाळी त्याच्या दारात उभी राहायला लागल्यावर गड्याचा रुबाब वाढला. तो मुद्दाम उशिरा बाहेर यायचा. सावकाश पटका बांधायचा. कुणी म्हटलं, अण्णा, निघायलास का, तर म्हणायचा की म्होरक्याचं पोट साफ झालं न्हाई अजून. म्होरक्या म्हणजे सगळ्यांच्या पुढं चालणारा, गळ्यात घंटा बांधलेला मेंढा. त्याच्या पोटाची चौकशी गावातली चांगली शिकलेली माणसं करायला लागली. मी हुमनाबादेत शाळामास्तर आहे, मीही करायचो.

त्या दिवसांत एका लग्नाची वरातही मेंढरांतून गेली. नवरदेव कोट वर उचलून धरून मधोमध चाललेला, बाजूनं करवल्या, मागं बँड. डिव्हायडरपाशी बँडवाल्यानं भरात येऊन क्लॅरिनेट फुंकलं आणि मेंढरं जी उधळली ती थेट मांडवात शिरली. अक्षता त्यांनी खाल्ल्या. नवरीच्या मामानं भांडण काढलं की बोलणी झाली तेव्हा मेंढरं धरलेली नव्हती. तरी पंगतीला बसलेले सगळे संध्याकाळपर्यंत थांबून राहिले, कारण परत जायचं तर अण्णाच हवा होता.

असं सगळं गाव जायला लागलं, एक माझी आई सोडून.

आईला पलीकडं जायचं होतं ते विहारात. विहार पत्र्याचं शेड होतं तेव्हापासून पौर्णिमेला तिथं पहिली मेणबत्ती लावायची ती आईनं आणि वंदना सांगायची तीही आईनं. रस्ता रुंद झाला आणि तिचं जाणं तुटलं. मी तिला मोटारसायकलवर नेऊन बघितलं. समोर दिसणाऱ्या विहारात जायला ढाब्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर जायचं, तिथं वळायचं आणि तेवढंच माघारी यायचं. दुसऱ्या खेपेला ढाब्यासमोर उसाच्या ट्रॅक्टरनं हूल दिली आणि आई मागच्या मागं पडली. गुडघा फुटला. त्यावर हळद दाबत ती म्हणाली की समोर तर हाय विहार, जाईन तर चालत जाईन.

मी म्हटलं, मग मेंढरांबरोबर चल. मावशी जाते, सरपंच जातो.

"मी न्हाई जाणार मेंढराच्या आडून," आई म्हणाली.

"कामून पण? सगळं गाव जायलाय की."

"गाव जाऊ दे. माझा बा मला सांगून गेलाय."

तिच्या बापाचं हे सांगणं आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या लहानपणी आमची माणसं गावातून जाताना चपला हातात घेऊन कडेकडेनं चालायची आणि समोरून कुणी आलं की नालीत उतरून उभी राहायची. धम्म घेतला, आई चालायला लागली, तेव्हा त्यानं तिच्या पायात नव्या चपला घातल्या आणि तिला हाताला धरून पेठेतून नेलं, अगदी रस्त्याच्या मधून. सांगितलं की इथनं पुढं असंच चालायचं, कुणाच्या आडून न्हाई, कुणाला बघून खाली उतरायचं न्हाई. आई ते धरून बसली होती. आता रस्त्याच्या मधून हैदराबादच्या लॉऱ्या जातात, हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार? माझी लई चिडचिड व्हायची. ती बरोबर आहे हे मनातून कळायचं, त्यामुळं जास्तच व्हायची.

अण्णाच्या कानावर हे गेलं आणि त्यानं भलताच अर्थ काढला. तो तावातावानं आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि विचारायला लागला की माझी मेंढरं घाण आहेत का, आक्काला त्यांचा वास येतो का. आईनं त्याला चहा दिला. मेंढरं चांगली आहेत, त्यांच्यावर राग नाही, असं तिनं परोपरीनं सांगितलं. ते त्याला पटलं नाही. दुसऱ्या सकाळी त्यानं म्होरक्याला शिकेकाई लावून आंघोळ घातली आणि आमच्या दारात आणून उभा केला. मेंढा काळाभोर, नुसता चकाकत होता. मागं सगळं गाव खोळंबलेलं. आई आत ज्वारी निवडत बसली ती उठली नाही. अण्णा त्या दिवसापासून आमच्या घरावरून जाताना मान दुसरीकडं करून जायला लागला, आणि खरं सांगतो, म्होरक्याही करायचा.

पौर्णिमेला मग असं चालायचं. मावशी मेंढरांतून विहारात जायची आणि तिथून मोबाइल लावायची. आई आमच्या ओट्यावर बसून फोनमध्ये वंदना सांगायची. दोघी एकमेकींना समोरासमोर दिसत असायच्या. मधून लॉरी गेली की हॉर्न एकदा रस्त्यावरून यायचा आणि एकदा फोनमधून, आणि आई दोन्ही वेळा थांबायची. ती थांबली की विहारातली माणसंही थांबायची. वंदना संपेस्तोवर मेणबत्त्या विझायला आलेल्या असायच्या. फोन ठेवून आई पदरानं डोळे पुसायची आणि म्हणायची, लई धूळ हाय बाबा या रस्त्याला. मला भयंकर वाईट वाटायचं.

शेवटी मी अर्ज केला. मास्तरला दुसरं काय येतं? पुष्कळ खेटे घातल्यावर रस्त्याचे एक साहेब आले, आणि त्यांनी फटीसमोर पांढरे पट्टे मारून दिले, शेजारी चालणाऱ्या माणसाचं चित्र असलेला बोर्ड लावला. रंग वाळला त्याच दिवशी लोकांनी पट्ट्यांवर सोयाबीन वाळत घातलं. दुसऱ्या सकाळी ते गोळा केल्यावर म्होरक्याला पट्टे दिसले आणि तो थांबला. जन्मात पहिल्यांदा थांबला असेल. मग त्यानं पहिला पट्टा उडी मारून ओलांडला, दुसराही उडी मारून ओलांडला, आणि मागची सगळी मेंढरं उड्या मारत निघाली. त्यांच्यामधून दळणाचे डबे घेतलेल्या बाया. त्या दिवशी वाहनं नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली, कारण ड्रायव्हर खाली उतरून बघत होते.

काही दिवसांनी साहेब पाहणीला आले. पट्ट्यावर उभे राहिले, हात वर केला. एक कार त्यांच्या पोटाला हवा घालून गेली. मग दुसरी गेली. साहेब मागं सरत सरत माझ्या पायावर आले. तेवढ्यात घंटा वाजली, अण्णा आला, आणि साहेब कुणी काही सांगायच्या आत मेंढरांत शिरले. पलीकडं जाऊन त्यांनी चहा घेतला, आणि जीप या बाजूला राहिल्यामुळं संध्याकाळपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिले. परत आल्यावर विजारीला लागलेली लेंडी झटकत ते कन्नडमधून म्हणाले की माणसाच्या चित्राचा इथं काही उपयोग दिसत नाही. वाहनं ज्याला थांबतात त्याचंच चित्र लावलेलं बरं.

आणि लावलं की हो. चालणारा माणूस उतरवला आणि त्याच खांबावर मेंढरू चढवलं. खाली कन्नडमध्ये आणि हिंदीत, पुढं मेंढरं आहेत, सावकाश जा. गंमत म्हणजे त्या बोर्डाला वाहनं खरंच हळू व्हायला लागली. गावानं ग्रामपंचायतीत माझा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला. मी घरी आलो तेव्हा आई ओट्यावर बसून बोर्डाकडं बघत होती.

"माणूस काढला व्हय रे?" एवढंच तिनं विचारलं.

मी नारळ फोडायला आत गेलो.

वैशाख आला. शेतं मोकळी झाली की अण्णा दरसाल मेंढरं घेऊन संतपूरकडं जातो. तिकडचे शेतकरी लेंडीखतासाठी आपापल्या रानात मेंढरं बसवून घेतात, त्याला धान्य देतात, आणि तो पावसाच्या तोंडावर परत येतो. दरसाल जायचा तेव्हा कुणाला पत्ताही नसायचा. यंदा गाव रडकुंडीला आलं. माणसं मेंढरांशिवाय रस्ता ओलांडायचं विसरूनच गेली होती. मेंढरं नाहीत हे ड्रायव्हरांनाही चार दिवसांत कळलं आणि बोर्डाची भीती गेली. सरपंचानं फोन करून अण्णाला माघारी यायला सांगितलं. अण्णा म्हणाला की दुसऱ्याच्या रानात बसवलेली मेंढरं मधे उठवता येत नाहीत, जबान दिली हाय, आणि सरपंचाला पलीकडं जायची एवढी घाई असेल तर पहार हाय की गोठ्यात.

त्यातच बुद्ध पौर्णिमा आली. उन्हं उतरल्यावर आमची गल्ली पांढरे कपडे घालून रस्त्याच्या कडेला येऊन थांबली, हातात फुलं, मेणबत्त्या, खिरीचं पातेलं. तरणी पोरं गाड्यांवरून वळसा घालून पलीकडं पोचली होती आणि विहार उघडून दारात बसली होती. पण पहिली मेणबत्ती आईचीच, तिच्याशिवाय हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं. आणि इकडं आई म्हणत होती की आज मी फोनवर न्हाई सांगणार.

समोर विहारात अंधार पडायला लागला. लॉऱ्यांची रांग तुटेना. कुणीतरी पळत जाऊन एक शेळी आणली. शेळीला पुढं ढकललं. तिनं दोन पावलं टाकली, हॉर्न ऐकला, मागं वळून आमच्याकडं बघितलं आणि परत येऊन मावशीच्या हातातली फुलं खायला लागली. शेळीला माणसासारखीच अक्कल असते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग अण्णाच्या बायकोनं घरातून त्याची जुनी घोंगडी आणि एक घंटा आणली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. शाळेत कवायतीचा तास माझ्याकडं असतो, म्हणून असेल. मी आईकडं बघितलं नाही. खाली वाकलो, हात टेकले, मावशीनं घोंगडी माझ्या पाठीवर टाकली आणि घंटा माझ्या हातात दिली. माझ्यामागं अजून दोघं वाकले, त्यातला एक बँकेत आहे. मी घंटा वाजवली. डांबर अजून तापलेलं होतं, तळहात भाजत होते. आणि काय सांगू, एक टेम्पो हळू झाला. मला तेव्हा खरोखर आनंद झाला.

तेवढ्यात पाठीवरची घोंगडी गेली. आईनं ती ओढून बाजूला टाकली होती.

"ऊठ," ती म्हणाली. "माझा बा याच्यासाठी उभा ऱ्हायला व्हय? सरळ हो."

मी उठून उभा राहीपर्यंत ती रस्त्यावर गेली होती. पांढरं लुगडं, पायात चपला, एका हातात मेणबत्ती, दुसरा हात वर. दुखऱ्या गुडघ्यानं ती जशी चालते तशीच, सावकाश. हुमनाबादकडून एक लॉरी येत होती. लॉरीनं हॉर्न दिला, थांबून पुन्हा दिला, मग सोडलाच नाही. मी तिला ओढायला हात पुढं केला, पण ती माझ्या हाताच्या पलीकडं होती. आई मागं सरली नाही. हॉर्न ऐकून माणूस मागं सरतो तशी ती सरलीच नाही.

लॉरी थांबली. जळक्या रबराचा वास आला. मागची वाहनं करकचून थांबली, ते बघून डिव्हायडरच्या पलीकडची थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आईकडं बघितलं, बोर्डाकडं बघितलं, मग तिच्यामागं वाकून बघितलं.

"मेंढे कित्ते हैं, अम्मा?" त्यानं विचारलं.

"मेंढरं न्हाईत बाबा," आई म्हणाली. "माणसं हायत. जाऊ दे त्यांना."

तिनं हात खाली केला नाही. आम्ही एक एक करत तिच्यासमोरून गेलो, बाया, लेकरं, खिरीचं पातेलं, बँकेतला माणूस गुडघे झटकत. अण्णाची बायकोही आली, घोंगडी खांद्यावर टाकून. सगळ्यात शेवटी आई आली. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही.

विहारात आईनं पहिली मेणबत्ती लावली आणि वंदना सुरू केली. दोन ओळी झाल्यावर ती सवयीनं थांबली, हॉर्नसाठी. हॉर्न आला नाही. आम्ही सगळे थांबून राहिलो. तरी आला नाही. मग मी दारातून बाहेर बघितलं. लॉरी तिथंच उभी होती, मागं वाहनांची रांग, आणि कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. आईनंही बघितलं.

"जा म्हणावं त्याला," ती हळूच म्हणाली.

मी गेलो. ड्रायव्हर हातातल्या तंबाखूला चुना लावत निवांत बसला होता. मी त्याला सांगितलं की जा आता, झालं. त्यानं विचारलं, और मेंढे? मी म्हटलं, मेंढरं नाहीत, आम्हीच होतो, सगळे पोचलो. तो पुन्हा बोर्डाकडं बघायला लागला.

"पक्का?"

पक्का, मी म्हणालो. त्यानं लॉरी सुरू केली, तरी काच खाली ठेवून, आमच्या रिकाम्या गल्लीकडं बघत बघत, कुणी मागं राहिलंय का बघत, सावकाश पुढं काढली.